‘काही खाल्लंय का?’ याच्या पुढचे प्रश्न

सकाळी साडेसातला कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये जा, काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काही खाल्लंय का?’ प्रश्न योग्यच आहे. अडचण एवढीच की बऱ्याच ठिकाणी तेवढा एकच विचारला जातो. काल संध्याकाळी जिममध्ये जोरात व्यायाम केलात का, केसांसाठी काही गोळ्या चालू आहेत का, थायरॉइडची गोळी घेऊन आलात की न घेता, हे कुणी विचारत नाही आणि आपणही आपणहून सांगत नाही. मग रिपोर्टात एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो आणि घरभर काळजी पसरते.

तपासणीची यंत्रं आता फार अचूक झाली आहेत. लॅबमधल्या चुकांचा अभ्यास करणाऱ्यांना वेगवेगळ्या देशांत एकच गोष्ट दिसत आली आहे. निम्म्याहून अधिक चुका नमुना यंत्रात जाण्याच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. रुग्णाच्या तयारीत, रक्त काढताना, ट्यूबमध्ये भरताना किंवा लॅबपर्यंत नेताना. यातला बराचसा भाग लॅबच्या हातात असतो, पण थोडा आपल्याही हातात असतो, आणि त्याबद्दल आपल्याला फार कमी सांगितलं जातं.

आधी उपाशी राहण्याबद्दल. जेवणातली चरबी आतड्यातून शोषली गेली की कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत बसून रक्तात येते. तुपातेलाच्या भरपूर जेवणानंतर रक्त काढून ट्यूब यंत्रात गरगर फिरवली, तर वर येणारा पिवळसर द्रव कधी कधी चक्क दुधासारखा दिसतो. बरीचशी मापनं द्रवातून प्रकाश आरपार जाऊ देऊन केली जातात, त्यामुळे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तर वाढलेली दिसतेच, शिवाय हा गढूळपणा इतर तपासण्यांच्याही आड येतो. साखरेचं कारण तर उघडच आहे. उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली, आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेहाचं निदान होतं. ही सीमारेषा किमान आठ तास पोटात काही न गेलेल्या माणसांसाठीच आखलेली आहे.

कोलेस्टेरॉलचं मात्र चित्र बदललं आहे. पुष्कळ लॅब ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, थेट मोजत नाहीत. १९७२ साली मांडलेल्या फ्रीडवाल्ड सूत्राने त्याचा हिशेब करतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. ट्रायग्लिसराइड खाण्याने वाढतात, म्हणून बारा तास उपाशी राहण्याची प्रथा पडली. पण रोजच्या साध्या जेवणानंतर ही वाढ सरासरी पंचवीस-सव्वीस मिलिग्रॅमच असते, असं मोठ्या पाहण्यांमधून दिसलं. म्हणून २०१६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी नेहमीच्या लिपिड तपासणीसाठी उपाशी राहण्याची सक्ती नको, असं मत दिलं. ट्रायग्लिसराइड ४००च्या पुढे असतील तर ते सूत्रच चालत नाही. अशा वेळी उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यावं लागतं. तुमच्या डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितलं असेल तर तसंच जा, कारण त्यांना आधीच्या रिपोर्टशी तुलना करायची असू शकते.

हिमोग्लोबिन, पेशींची गणना, थायरॉइड, तीन महिन्यांच्या साखरेचा एचबीए१सी, डेंग्यू, यांतल्या कशालाच उपाशी राहायची गरज नसते. तरीही सत्तरीचे आजोबा या तपासण्यांसाठी चहासुद्धा न घेता अकरा वाजेपर्यंत बाकावर बसलेले दिसतात. हे मला खरोखर खटकतं. रात्री आठला जेवलेल्या माणसाचे तोवर पंधरा तास झालेले असतात. फार वेळ उपाशी राहिल्याने रिपोर्ट जास्त खरा येत नाही. उलट उपासमारीत यूरिक ॲसिड वाढतं, आणि गिल्बर्ट सिंड्रोम हा निरुपद्रवी जन्मजात गुण असलेल्यांचं बिलिरुबिन एवढं चढतं की कावीळ झाल्याची शंका यावी. मधुमेही माणूस इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी बसला, तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. त्या सकाळचा डोस रक्त दिल्यावर नाश्त्यासोबत घ्यायचा का, हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावं, आणि लॅबमध्ये ‘मी मधुमेही आहे, मला आधी घ्या’ असं निःसंकोच सांगावं.

एकादशीच्या किंवा नवरात्राच्या उपवासात आयतीच तपासणी उरकून घेऊ, असा विचार बरेच जण करतात. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. रक्ताच्या दृष्टीने ते भरपेट जेवण आहे. पाणीही न घेता कडक उपवास केला असेल, तर रक्त दाट होतं आणि शीरही नीट सापडत नाही. साधं पाणी प्यायला कसलीच हरकत नाही, उलट ते प्यायलाच हवं. चहा मात्र नको, बिनसाखरेचा असला तरी. तंबाखू, सिगरेट, मशेरीही रक्त देऊन होईपर्यंत बाजूला राहू दे.

आता गोळ्यांकडे वळतो, कारण खरा घोटाळा इथे आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. केस, नखं आणि त्वचेसाठी मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांमध्ये बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं. या गोळ्यांमध्ये ते ५ ते १० मिलिग्रॅम असतं. दहा मिलिग्रॅम म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून जास्त. शरीराला त्याचा सहसा त्रास होत नाही, त्रास होतो यंत्राला. हार्मोन मोजणारी अनेक यंत्रं बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन यांच्यातल्या अतिशय घट्ट बंधाचा उपयोग करून हवा तो रेणू पकडतात. रुग्णाच्या रक्तातच बायोटिनचा सुळसुळाट असला, की पकडण्याच्या जागा आधीच भरून जातात. मग एका पद्धतीने मोजला जाणारा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) खोटा कमी येतो आणि दुसऱ्या पद्धतीने मोजला जाणारा टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) खोटा जास्त. हे दोन आकडे शेजारी पाहिले, की थायरॉइड अतिवेगाने काम करत असल्याचं हुबेहूब चित्र उभं राहतं, आणि धडधाकट माणसावर उपचार सुरू होण्याची वेळ येते. हृदयविकाराच्या झटक्यात वाढणारं ट्रोपोनिनही काही यंत्रांवर असंच खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. जास्त मात्रेचं बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाचं ट्रोपोनिन चुकून कमी आलं आणि पुढे त्याचा मृत्यू झाला, अशी नोंद त्यात होती. म्हणून अशी गोळी चालू असेल तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ती थांबवावी, मात्रा फार मोठी असेल तर आणखी आधी. आणि छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात धावलात, तर तिथल्या डॉक्टरांना हे सांगायलाच हवं.

थायरॉइडची गोळी रोज घेणाऱ्यांनी त्या सकाळी आधी रक्त द्यावं, मग गोळी घ्यावी. गोळीनंतरचे काही तास रक्तातलं टी४ वर चढलेलं असतं. लोहाची पातळी बघायची असेल तर लोहाची गोळी आदल्या दिवसापासून घेऊ नये. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र कुणीही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक आणि ‘ताकदीच्या’ धरून, लॅबला आणि डॉक्टरांना दाखवली तरी पुष्कळ काम होतं.

व्यायामाचंही तसंच आहे. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावायची आणि त्याच आठवड्यात ‘फुल बॉडी चेकअप’ करायचं, हे दोन्ही उत्साह एकत्र आले की गडबड होते. दमवणाऱ्या श्रमानंतर स्नायूंमधली एन्झाइमं रक्तात उतरतात आणि काही दिवस, कधी आठवडाभर, चढलेली राहतात. आपण ज्याला यकृताची तपासणी समजतो ते एसजीओटी स्नायूंमध्येही भरपूर असतं. त्यामुळे यकृत ठणठणीत असलेल्या तरुणाला ‘लिव्हर’चा आकडा वाढलेला दिसतो. लघवीतही थोडी प्रथिनं किंवा रक्त सापडू शकतं. दोन-तीन दिवस जड व्यायाम टाळावा. रक्त द्यायला जिने चढून धापा टाकत गेलात, तर दहा-पंधरा मिनिटं शांत बसा. पडलेला माणूस उठून उभा राहिला की रक्तवाहिन्यांमधलं पाणी ऊतींमध्ये सरकतं, आणि मागे राहिलेल्या रक्तात पेशी, प्रथिनं, कोलेस्टेरॉल यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास वाढू शकतं.

सुई टोचण्याच्या त्या मिनिटात काय होतं तेही सांगायला हवं. दंडाला पट्टा बांधला की ‘मूठ घट्ट करा’ असं सांगतात आणि आपण ती जोरजोरात उघडझाप करतो. एकदा मिटून धरणं वेगळं. सारखी उघडझाप केली की काम करणाऱ्या स्नायूंमधून पोटॅशियम बाहेर येतं. पेशीच्या आत त्याचं प्रमाण १४०च्या घरात असतं आणि बाहेर रक्तात ३.५ ते ५. त्यामुळे आतून थोडंसं झिरपलं तरी बाहेरचा आकडा चांगलाच हलतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाच्या रिपोर्टात असा खोटा वाढीव पोटॅशियम आला, तर रात्रीतून रुग्णालय गाठण्याची पळापळ होते. पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, असाच नियम आहे. वेळ लागतोय असं वाटलं तर ‘थोडा सैल करता का?’ म्हणायला काहीच हरकत नाही.

ट्यूबच्या झाकणांचे रंगही अर्थपूर्ण असतात. राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं, कारण शरीराबाहेर काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा मे महिन्याच्या उन्हात, नागपूर-अकोल्याकडे, आणखी आठ घरं फिरून दुपारी लॅबमध्ये पोचणार असेल तर? नमुना किती वाजेपर्यंत लॅबमध्ये पोचेल, बर्फाची पेटी आहे का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

जांभळ्या झाकणाची ट्यूब पेशी मोजण्यासाठी. तिच्यात रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. थोड्या माणसांच्या रक्तात या ईडीटीएमुळेच प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. यंत्र त्या गुठळ्या मोजत नाही, आणि प्लेटलेट्स धोक्याइतक्या कमी झाल्याचा रिपोर्ट येतो. डेंग्यूच्या दिवसांत असा आकडा घराची झोप उडवतो. ताप नाही, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर ठिपके नाहीत, तरी आकडा एकदम पडलेला असेल, तर काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगावं, किंवा निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा मोजायला सांगावं. डेंग्यूवरून आठवलं, ताप नेमका कुठल्या दिवशी सुरू झाला हे लिहून ठेवा. पहिल्या पाचेक दिवसांत विषाणूचंच प्रथिन शोधणारी एनएस१ ही तपासणी उपयोगी पडते, अँटिबॉडीज त्यानंतर दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी नुसती अँटिबॉडीची तपासणी करून ‘निगेटिव्ह आलं’ म्हणून निर्धास्त होणं धोक्याचं आहे.

जेवणानंतरच्या साखरेसाठी दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, आणि जेवण रोजचंच, गोळीही रोजचीच. रिपोर्ट चांगला यावा म्हणून दोन बिस्किटांवर भागवलं तर डॉक्टर चुकीच्या आकड्यावर औषध ठरवतात. एचबीए१सी पक्की तपासणी मानली जाते, पण लोहाच्या कमतरतेत ती वाढीव येऊ शकते. सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार असेल, किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर तिच्यावर विसंबता येत नाही. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल बऱ्यापैकी आढळतो, तिथे हे विशेष लक्षात ठेवायला हवं.

टीएसएच रात्री उशिरा सर्वांत जास्त असतो आणि दुपारी उतरतो. कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित हार्मोन पहाटे-सकाळी चढतं, मध्यरात्री तळाला जातं. म्हणून पुन्हा पुन्हा करायची तपासणी शक्यतो त्याच वेळी आणि त्याच लॅबमध्ये करावी.

आणि रिपोर्टातला तो ठळक आकडा? ‘नॉर्मल’ म्हणून छापलेल्या मर्यादा बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांच्या असतात. म्हणजे निरोगी माणसांतही वीसात एक जण त्या मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टात निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के होते. सत्तर-ऐंशी तपासण्यांची स्वस्त पॅकेजेस कारणाशिवाय घेऊ नयेत असं मला वाटतं ते यासाठी. मर्यादेच्या किंचित बाहेर गेलेल्या आकड्यामागे धावताना माणसं पैसा आणि शांतता दोन्ही घालवून बसतात.

कधी लॅबमधून फोन येतो, ‘पुन्हा रक्त द्यायला याल का?’ बहुतेकांना वाटतं, काहीतरी भयंकर सापडलं किंवा यांनी काहीतरी घोळ घातला. पुष्कळदा कारण इतकंच असतं की नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या, किंवा ट्यूब पुरेशी भरली गेली नव्हती. असा नमुना तसाच यंत्रात घालून आकडा छापून देणं लॅबला सोपं असतं. ते न करता जी लॅब परत बोलावते, तिथे पुन्हा जरूर जा.