मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा एक दिवस : निघण्यापूर्वी ग्राहकांनी वाचावयाची माहिती

थायलंडच्या आमच्या सहलीत एक दिवस नेमबाजीच्या मैदानासाठी राखून ठेवलेला असतो, आणि सातारा, कराड, वाई, कोरेगाव या भागांतून येणाऱ्या बहुतेक मंडळींची त्या दिवसाबद्दल एकच इच्छा असते, ती म्हणजे .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर एकदा स्वतः चालवून पाहण्याची. ही इच्छा आम्हाला मनापासून समजते. आपल्याकडे सर्वसामान्य परवान्यावर मिळणारे रिव्हॉल्व्हर .३२ बोअरचे असते (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास, येथे इंचात), तर फुकेत आणि पट्टाया येथील मैदानांवर पर्यटकाला शुल्क भरून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, त्याहून कितीतरी मोठ्या बोअरचे शस्त्र चालवता येते. मात्र असे शस्त्र परदेशात, परक्या भाषेतील सूचना ऐकत, आयुष्यात पहिल्यांदाच हाती घेणे आम्हाला योग्य वाटत नाही. म्हणून या सहलीचे आरक्षण करणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आमच्या साताऱ्यातील दहा मीटरच्या एअर पिस्तूल हॉलमध्ये दोन रविवार सराव करावा लागतो. त्याचे वेगळे शुल्क आम्ही घेत नाही, आणि त्यातून कोणालाही सूट देत नाही.

या काडतुसाची ताकद आकड्यांत सांगितली म्हणजे आमच्या आग्रहाचे कारण कळेल. एअर पिस्तुलाचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो. .४४ मॅग्नमची गोळी सुमारे साडेपंधरा ग्रॅमची असून ती सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजापेक्षा अधिक वेगाने नळीबाहेर पडते. आपल्याकडील .३२ च्या काडतुसाशी तुलना केली तर तिची ऊर्जा ढोबळमानाने आठ पट भरते. अमेरिकेतील आयडाहो राज्यात गुरे पाळणारे एल्मर कीथ हे जुन्या .४४ स्पेशल काडतुसात अधिक जोरकस दारू भरून अनेक वर्षे प्रयोग करीत होते, आणि त्यांच्या पाठपुराव्यामुळे स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन या कंपन्यांनी १९५५ च्या सुमारास हे मॅग्नम काडतूस आणि त्याचे रिव्हॉल्व्हर तयार केले. मोठ्या जनावरांची शिकार हा त्यामागील मुख्य विचार होता. ऑलिंपिकच्या धर्तीवरील नेमबाजीत याला स्थान नाही, कारण तेथील सेंटर फायर या मोठ्या काडतुसांच्या पिस्तूल प्रकारातही बोअरची मर्यादा ९.६५ मिलिमीटर आहे, तर ही गोळी जवळजवळ अकरा मिलिमीटर व्यासाची आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले ते .२२ च्या पिस्तुलावर. नेमबाजी शिकावी ती अशा लहान बोअरच्या शस्त्रावरच, असे आमचे ठाम मत आहे. मोठे रिव्हॉल्व्हर हा अनुभव घेण्याचा भाग आहे, आणि तो नीट घेतला तर फार सुंदर आहे.

मॅग्नमची पुंगळी, म्हणजे काडतुसाचे धातूचे कवच, जुन्या .४४ स्पेशलपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर लांब केलेली आहे, ती अशासाठी की नवे जोरकस काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. जुने आखूड काडतूस मात्र मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये विनाधोका चालते. याचा लाभ आपण घेतो: आमचा मार्गदर्शक मैदानावर प्रथम .४४ स्पेशल मागतो, आणि ते उपलब्ध नसेल तर त्याहून लहान बोअरच्या .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल हे सौम्य काडतूस घालून सुरुवात करून देतो. त्या सौम्य काडतुसांवर हात बसल्यानंतरच मॅग्नम मिळेल. ज्यांना पाचसहा फैरींनंतर थांबावेसे वाटेल त्यांनी निःसंकोच थांबावे. मनगट थकल्यानंतरच्या फैरींत शिकण्यासारखे काही उरत नाही.

पकडीविषयी आम्ही विस्ताराने लिहीत आहोत, कारण दुखापतीचे बहुतेक धोके तेथेच असतात. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे ठेवण्याचे फिरते सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये कागदाच्या जाडीइतकी फट असते, आणि प्रत्येक फैरीला त्या फटीतून जळता वायू आणि शिशाचे बारीक कण दोन्ही बाजूंना जोराने बाहेर फेकले जातात. चित्रांमध्ये पाहून किंवा दुसऱ्या पिस्तुलाच्या सवयीने कोणी आधाराच्या हाताचा अंगठा किंवा बोट सिलिंडरच्या पुढे नेले, तर मॅग्नम काडतुसाने ते गंभीर जखमी होऊ शकते. म्हणून दोन्ही अंगठे सिलिंडरच्या मागे, एकावर एक दाबलेले असावेत, मूठ शक्य तितकी वर धरलेली असावी, कोपर किंचित वाकलेले आणि शरीराचा भार थोडा पुढे झुकलेला असावा. दणका थोपवण्याचा प्रयत्न करू नये. हात वर जातील ते जाऊ द्यावेत आणि पकड तेवढी सुटू देऊ नये.

पहिल्या मॅग्नम फैरीला सिलिंडरमध्ये एकच काडतूस भरले जाईल. काही ग्राहकांना हा कमीपणा वाटतो, म्हणून कारण सांगतो. नळी वर उसळली की सैल पकड सावरण्यासाठी हात नकळत आवळला जातो, त्या भरात चाप पुन्हा ओढला जातो, आणि दुसरी गोळी आकाशाकडे किंवा स्वतःच्याच डोक्याच्या दिशेने सुटू शकते. एकच काडतूस असेल तर हा प्रसंग येतच नाही. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप हलका होतो आणि नेम चांगला लागतो; नवख्यांना आम्ही हीच पद्धत शिकवतो, मात्र घोडा ओढल्यानंतरही नळी लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेरच राहिले पाहिजे.

मागील एका सहलीत आमच्यासोबत एक निवृत्त सुभेदार होते. नोकरीत त्यांनी वर्षानुवर्षे रायफल चालवलेली, पण रायफलीचा धक्का खांद्याला बसतो आणि रिव्हॉल्व्हरचा तळहाताच्या बेचक्यात, त्यामुळे त्यांच्या गोळ्या सारख्या टार्गेटच्या खाली लागत होत्या. मार्गदर्शकाने सहांपैकी दोन खाने रिकामे ठेवून, त्यांना न दाखवता, सिलिंडर बंद करून दिले. तिसऱ्या वेळी घोडा रिकाम्या खान्यावर पडला, नुसती खट्ट झाली, आणि तरीही नळी चार बोटे खाली गेली. सुभेदार काही वेळ स्तब्ध उभे राहिले आणि म्हणाले, “गोळी नव्हती, तरी मी दचकलो.” त्यानंतर त्यांनी दहा मिनिटे रिकाम्या शस्त्रावर केवळ चाप दाबण्याचा सराव केला, आणि पुढच्या चारही गोळ्या काळ्या वर्तुळात लावल्या. आमच्या हॉलमध्ये दोन रविवार आपण जे करणार आहात ते मुख्यतः हेच आहे: नळीच्या टोकावरील पुढच्या साइटवर, म्हणजे नेम धरण्याच्या खुणेवर, नजर ठेवून, न दचकता, चाप सरळ मागे आणणे.

कानांच्या बाबतीत तडजोड नाही. या रिव्हॉल्व्हरचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो आणि संरक्षणाशिवाय एकच फैरसुद्धा ऐकण्याची शक्ती कायमची कमी करू शकते. म्हणून प्रत्येकाने आत फोमचे इअरप्लग आणि वर इअरमफ असे दोन्ही घालावयाचे आहे. फोमची गुंडाळी बोटांनी बारीक करून, दुसऱ्या हाताने कान वर ओढून ती आत सरकवावी आणि फुगेपर्यंत धरून ठेवावी. चष्मा सर्वांना सक्तीचा आहे, बाजूला उभे राहून पाहणाऱ्यांनाही.

चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून स्तब्ध राहावे आणि प्रशिक्षकाला हाक मारावी. काडतूस उशिराने पेटू शकते, त्यामुळे सिलिंडर लगेच उघडू नये. बार नेहमीपेक्षा फुसका वाटला तर त्याहून अधिक सावध व्हावे, कारण गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी गोळी गेल्यास नळी फुटू शकते.

कपडे बंद गळ्याचे आणि बूट पाऊल पूर्ण झाकणारे असावेत. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या सिलिंडरमध्येच राहतात, परंतु शेजारच्या पिस्तुलातून उडणारी गरम पुंगळी गळ्यात पडली की माणूस भरलेले शस्त्र हातात असताना उडी मारतो. महिलांनी पदर किंवा ओढणी पिनांनी पक्की करावी आणि मंगळसूत्र आत घ्यावे. गरोदर महिलांनी, तसेच मनगटाचे अस्थिभंग किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, या दिवशी मैदानावर येऊ नये. शिसे आणि आवाज या दोन्हींपासून गर्भाला धोका असतो. मद्य घेतलेल्या व्यक्तीला आम्ही मैदानावर नेत नाही, मग शुल्क भरलेले असले तरी. नेमबाजी झाल्यावर काही खाण्यापूर्वी हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत.

शेवटी सामानाविषयी. घरी परवान्याचे शस्त्र असलेल्या ग्राहकांनी साताऱ्याहून निघण्यापूर्वी बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करून पाहावा, कारण जुन्या बॅगेत विसरलेले एखादे काडतूस विमानतळावर सापडले तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. परततानाही काडतूस अथवा पुंगळी आठवण म्हणून आणू नये. कोरेगाव तालुक्यातील एका गृहस्थांनी मुलाला दाखवण्यासाठी पुंगळी रुमालात बांधून ठेवली होती. हॉटेलवर ती आमच्या लक्षात आली आणि आम्ही ती मैदानावर परत पाठवली. ते नाराज झाले, पण विमानतळावरील चौकशीपेक्षा ती नाराजी आम्हाला पत्करली. याच कारणासाठी मैदानाचा दिवस आम्ही परतीच्या प्रवासाच्या दिवशी कधीच ठेवत नाही, आणि त्या दिवशीचे कपडे धुऊन मगच बॅगेत भरावेत असे सुचवतो. कागदी टार्गेट मात्र जरूर आणावे. त्यावर तारीख, अंतर आणि काडतुसाचा प्रकार तेथेच लिहून घ्यावा, कारण घरी आल्यावर कोणते भोक स्पेशलचे आणि कोणते मॅग्नमचे हे ओळखू येत नाही.