बोरी (पुराश्मयुगीन स्थळ)

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील कुकडी नदीकाठचे पूर्व पुराश्मयुगीन स्थळ. कुकडी ही घोड नदीची उपनदी असून घोड पुढे भीमेला मिळते. बोरी बुद्रुक गावाजवळ नदीने कापलेल्या काठांत अश्यूलियन परंपरेची (हातकुऱ्हाडी व फरश्या घडवणाऱ्या पूर्व पुराश्मयुगीन परंपरेची) दगडी हत्यारे आणि ज्वालामुखीय राखेचा (टेफ्रा) थर असे दोन्ही आढळले. भारतीय प्रागितिहासात बोरीचे नाव प्रामुख्याने या राखेमुळे आणि तिच्या कालमापनावरून झालेल्या वादामुळे घेतले जाते.

पार्श्वभूमी : दख्खनच्या बेसॉल्टच्या प्रदेशात आदिमानवाची वस्ती होती की नाही, याविषयी बराच काळ शंका घेतली जाई. दक्षिणेत भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ मध्ये चेन्नईजवळच्या पल्लावरम् येथे पहिली हातकुऱ्हाड (दोन्ही बाजूंनी घडवलेले दगडी हत्यार) मिळाली. ती क्वार्ट्‌झाइट या कठीण खडकाची होती आणि पुढील शोधही बहुतांशी क्वार्ट्‌झाइटच्या पट्ट्यांतच झाले. गोदावरीकाठच्या मुंगी (पैठणजवळ) येथे एकोणिसाव्या शतकातच अकिकाचा छिलका (दगड फोडून काढलेला तुकडा) सापडला होता. पण एकट्या छिलक्यावरून फारसे काही ठरवता येत नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील ह. धी. सांकलिया यांनी नाशिकजवळ गंगापूर येथे आणि प्रवरेकाठी नेवासे येथे हत्यारे शोधून काढल्यावर ही शंका मावळली. नेवाशाजवळच्या चिरकी येथे गुडरुन कॉर्विनस यांनी १९६० च्या दशकात केलेल्या विस्तृत उत्खननाने बेसॉल्ट व डोलेराइट (बेसॉल्टसारखाच काळा अग्निजन्य खडक) यांवर काम करणाऱ्या कारागिरांची ओळख पक्की झाली. बोरीचे संशोधन याच परंपरेतील आहे. फरक इतकाच की येथे हत्यारांबरोबर, निदान तत्त्वतः, वर्षांत मोजता येईल असा एक थरही हाती आला.

हत्यारे : हातकुऱ्हाडी, फरश्या (आडव्या धारेची हत्यारे), गाभे (ज्यांतून छिलके काढले ते दगड) व छिलके हे प्रमुख प्रकार. द्वीपकल्पीय भारतातील अश्यूलियन कारागीर बहुधा मोठ्या दगडातून आधी मोठा छिलका काढत आणि मग त्याला आकार देत. फरशीची आडवी धार ही त्या छिलक्याची मूळ, न घडवलेली कडाच असते. पुढील काळात पसंत केले गेलेले अकीक व कॅल्सेडोनी यांचे गोटे लहान असल्याने त्यांतून असे अवजड हत्यार निघणे शक्य नव्हते, म्हणून या कामासाठी बेसॉल्ट व डोलेराइट वापरले जात. बेसॉल्ट लवकर कुजतो आणि कुजलेल्या पृष्ठावर घाव ओळखणे अवघड जाते. पाण्याने आपटून फुटलेला दगड व माणसाने फोडलेला दगड यांत भेद करताना दख्खनमधील अभ्यासकाला म्हणूनच अधिक काटेकोर राहावे लागते. मानवी जीवाश्म येथे मिळालेले नाहीत.

राख : दख्खनचा लाव्हा सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा असून त्यानंतर या प्रदेशात ज्वालामुखी उद्रेक झालेला नाही. त्यामुळे नदीच्या तुलनेने अलीकडील गाळातील ही राख बाहेरून आलेली असणार, हे उघड होते. राखेतील सूक्ष्म काचकणांच्या रासायनिक घटनेवरून तिचा उगम सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीत असल्याचे आता सर्वमान्य आहे. तोबा येथून तीन हजार किमी. हून अधिक दूर आहे. अशीच राख मध्य प्रदेशातील शोण (सोन) खोऱ्यात १९८० च्या दशकाच्या प्रारंभी नोंदली गेली होती; आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम् आणि बारामती तालुक्यातील कऱ्हाकाठचे मोरगाव येथेही ती मिळाली आहे.

कालमापनाचा वाद : तोबाचा उद्रेक एकदाच झालेला नाही. त्याचे मोठे उद्रेक सुमारे १२ लाख, ८ लाख, ५ लाख आणि ७४ हजार वर्षांपूर्वी झाले; त्यांतील शेवटचा सर्वांत प्रचंड होता. बोरीची राख यांपैकी कोणत्या उद्रेकाची, हा खरा प्रश्न आहे.

रवी कोरीसेट्टर, शरद राजगुरू, शीला मिश्र प्रभृतींनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या पोटॅशियम-आरगॉन मापनानुसार (पोटॅशियमपासून हळूहळू तयार होणाऱ्या आरगॉन वायूच्या प्रमाणावरून वय काढण्याची पद्धत) राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले. हा आकडा पुढे टिकला नाही. १९९५ मध्ये मिश्र, वेंकटेशन, राजगुरू व सोमयाजुलू यांनी आरगॉन-आरगॉन या तिच्याच सुधारित पद्धतीने ते सुमारे ६·७ लाख वर्षे असल्याचे मांडले. याउलट भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे आचार्य व बसू यांनी १९९३ मध्ये भारतातील राख ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली होती. शेन, वेस्टगेट, विल्यम्स व कोरीसेट्टर यांनीही १९९५ मध्ये काचकणांच्या पृथक्करणावरून त्याच मतास दुजोरा दिला. पहिल्या मापनात सहभागी असलेले कोरीसेट्टर या दुसऱ्या गटातही आहेत, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे; पुरावा बदलला तसे मत बदलले. नंतर मोरगावच्या गाळातील काही नमुन्यांत उलट चुंबकीय दिशा नोंदली गेली. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ७·८ लाख वर्षांपूर्वी शेवटचे पालटले, म्हणजे उलट दिशेचा गाळ त्याहून जुना ठरतो; त्यामुळे ही राख ८ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असावी, असे मत काहींनी मांडले आहे.

एकाच राखेचे इतके भिन्न आकडे का यावेत, हे समजण्यासाठी पद्धत पाहावी लागते. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. काही हजार वा लाख वर्षांच्या राखेत त्यापासून तयार झालेला आरगॉन अत्यल्प असतो. त्यात जुन्या खडकाचे कण मिसळले तर त्यांचा आरगॉन सर्व मापन झाकून टाकतो. दोहोंतील पोटॅशियम सारखे धरल्यास ७४ हजार वर्षांच्या राखेत ६·६ कोटी वर्षांच्या खडकाचे केवळ एक टक्का कण मिसळले तरी वय ७ लाखांच्या पुढे दिसेल. प्रत्यक्षात बेसॉल्टमध्ये पोटॅशियम बरेच कमी असते, म्हणून इतका फरक पडण्यास भेसळ अधिक लागेल. तरीही बेसॉल्टच्या खोऱ्यातून वाहणाऱ्या नदीने राख वाहून आणली असेल, तर काचकण किती शुद्ध वेगळे केले यावर सर्व काही अवलंबून राहते. दुसऱ्या बाजूस, काचेच्या रसायनावरून ज्वालामुखी ओळखता येतो. पण एकाच ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांतील काच एकमेकींशी बरीच मिळतीजुळती असते, म्हणून त्या आधारे उद्रेक निश्चित करताना हात आखडता घ्यावा लागतो.

स्तर आणि हत्यारे : राखेचे वय ठरले म्हणजे हत्यारांचे वय ठरत नाही. राखेखालच्या थरातील हत्यार राखेहून जुने असते, परंतु किती जुने ते राख सांगत नाही. राखेवरच्या गोट्यांच्या थरातील हत्यार त्या थरात राखेनंतर आले, पण वरच्या अंगाच्या जुन्या गाळातून वाहत आलेलेही असू शकते. शिवाय कित्येक ठिकाणी आज दिसणारा जाड थर आकाशातून पडलेला नसून उतारांवरून धुऊन खळग्यात साचलेला आहे. बोरीच्या छेदात (नदीने कापलेल्या काठाच्या उभ्या भिंतीत) राख अस्सल पडलेली किती आणि वाहून साचलेली किती, याची कसोशीने केलेली नोंद कोणत्याही आकड्याइतकीच मोलाची आहे. नदीकाठचे हे छेद ठिसूळ असून पुरात कोसळतात. त्यांचे जतन होणे अगत्याचे आहे.

१९९५ च्या सुमारास बोरीचे महत्त्व भारतातील अश्यूलियनची प्राचीनता त्यावर अवलंबून असल्यामुळे होते. तो भार आता इतर स्थळांनी उचलला आहे. कर्नाटकातील हुणसगी खोऱ्यातील इसामपूर येथे के. पद्दय्या यांच्या उत्खननातील प्राण्यांच्या दातांवरून सुमारे १२·७ लाख वर्षे, तर तमिळनाडूतील अत्तिरम्पाक्कम् येथे शांती पप्पू व सहकाऱ्यांच्या २०११ मधील मापनानुसार सरासरी सुमारे १५ लाख वर्षे असा काळ सुचवला गेला आहे. तेव्हा बोरीची राख ७४ हजार वर्षांची निघाली, तरी दख्खनमधील हातकुऱ्हाडी तेवढ्याने अर्वाचीन ठरत नाहीत. आणि ती ८ लाख वर्षांची निघाली, तर तिच्याखालच्या हत्यारांचे वय इसामपूर व अत्तिरम्पाक्कम् यांच्याशी जुळवून पाहता येईल.