आधी बॉयलर, मग चाके: वाफेच्या ट्रॅक्टरची १:६ प्रतिकृती घरी बांधू इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे ओतकामांच्या संचाची चौकशी करणारे बहुतेक ग्राहक पहिल्यांदा चाकांविषयी विचारतात. ते स्वाभाविक आहे, कारण या यंत्राचा रुबाब त्याच्या मागच्या दोन भल्यामोठ्या चाकांत आहे. तरीही आम्ही पहिल्या खेपेत चाके पाठवत नाही. बॉयलरचे तांबे, गनमेटलचे (मुख्यतः तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचे) बुश, म्हणजे बोल्ट बसवण्यासाठीची आट्यांची नळकांडी, आणि नकाशे पाठवतो. असे का, हे सविस्तर सांगण्यासाठीच हे पत्रक काढले आहे.

ज्याला आपण वाफेचा ट्रॅक्टर म्हणतो त्याचे इंग्लंडमधील नाव ट्रॅक्शन इंजिन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शेतांवर मळणीसाठी वाफेची इंजिने होती, पण ती एका शेतावरून दुसऱ्या शेतावर न्यायला घोडे जुंपावे लागत. केंट परगण्यातील रॉचेस्टरच्या थॉमस एव्हलिंग यांनी १८५९ मध्ये अशाच एका इंजिनाच्या क्रँकशाफ्टपासून मागच्या आसापर्यंत लांब साखळी बसवली आणि इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागले. पुढे साखळीच्या जागी गिअर आले. १८७० मध्ये एव्हलिंग यांनीच आगपेटीच्या, म्हणजे बॉयलरच्या ज्या भागात आग जळते त्याच्या, बाजूचे पत्रे वर आणि मागे वाढवून त्यांत शाफ्टच्या बेअरिंग बसवण्याची पद्धत काढली. या वाढवलेल्या पत्र्यांना हॉर्नप्लेट म्हणतात. त्यांच्याच एव्हलिंग अँड पोर्टर कंपनीचे वाफेचे रोडरोलर आपल्याकडच्या रस्त्यांवरही फिरले, आणि धुराड्याखाली मागच्या पायांवर उभा राहिलेला पितळी घोडा ज्यांनी लहानपणी पाहिला असेल त्यांना हे यंत्र अगदीच परके वाटणार नाही. तो घोडा केंट परगण्याचे चिन्ह आहे.

आता मुख्य मुद्दा. रेल्वेच्या इंजिनाला स्वतंत्र सांगाडा असतो आणि बॉयलर त्यावर बसवलेला असतो. ट्रॅक्शन इंजिनाला असा सांगाडाच नाही. येथे बॉयलर हाच सांगाडा आहे: सिलिंडर त्याच्या पाठीवर बसतो, पुढचा आस धुराच्या पेटीखालच्या कंसाला लटकतो, आणि क्रँकशाफ्टपासून मागच्या आसापर्यंत सगळे शाफ्ट आगपेटीच्या दोन्ही बाजूंच्या हॉर्नप्लेटवर टेकतात. तांब्याचा बॉयलर डाख देताना तापून थोडाफार हलतोच. नकाशात १५० मिमी असलेली आगपेटीची रुंदी प्रत्यक्षात १५१ भरते. ज्याने आधी शाफ्ट कातून ठेवले आहेत त्याला हा एक मिलिमीटर महागात पडतो. म्हणून बॉयलर पूर्ण करून, तपासून घ्यावा आणि पुढची सगळी मापे नकाशावरून न घेता त्या तयार बॉयलरवरून घ्यावीत. हॉर्नप्लेटची जोडी मात्र एकमेकीला घट्ट आवळून एकदमच भोके पाडून घ्यावी. दोन्ही पत्रे वेगवेगळे आखून मागाहून भोके जुळवू पाहणारा कारागीर आम्ही अजून यशस्वी झालेला पाहिलेला नाही.

बॉयलर आधी करण्यात एक अडचणही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. एकदा डाख दिलेल्या बॉयलरच्या अंगाला नंतर भोक पाडता येत नाही. सिलिंडर, कंस, पायदान, पाण्याचा पंप यांपैकी जे जे बॉयलरला बोल्टने बसणार, त्या प्रत्येकासाठी आत बंद तोंडाचा बुश आधीच बसवलेला असला पाहिजे. नकाशा पूर्ण वाचल्याशिवाय तांब्याला हात लावू नये असे आम्ही म्हणतो ते यासाठी. संचासोबत या बुशांचा एक स्वतंत्र तक्ता येतो. प्रत्येक बुश बसला की त्यापुढे खूण करावी.

हे बुश गनमेटलचेच असावेत, पितळेचे नसावेत. पितळेत जस्त असते. गरम पाण्याच्या सतत सहवासात ते हळूहळू निघून जाते आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. आमच्या पहिल्याच बॉयलरमध्ये हाताशी होती म्हणून पितळेची सळई वापरली गेली आणि तिसऱ्या वर्षी बुशाच्या आट्यांतून पाणी पाझरू लागले. तो बॉयलर आम्ही आडवा कापून दुकानात ठेवला आहे. ज्यांना पितळ आणि गनमेटल यांच्या किमतीतला फरक खटकतो त्यांना तो दाखवतो.

तांब्याचे पत्रे लाकडी किंवा पोलादी साच्यावर ठोकून कडा वळवाव्या लागतात. ठोकताना तांबे कडक होत जाते आणि तसेच ठोकत राहिले तर कडेला चीर पडते. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले की ते पुन्हा मऊ होते. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी भांडी घडताना पाहिली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. एका कडेसाठी पाच-सहा वेळा तापवावे लागले तरी कंटाळा करू नये.

जोड चांदीच्या डाखानेच द्यावेत. शिसे आणि कथील यांचा नेहमीचा डाख साधारण १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, आणि ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाची वाफ सुमारे १६५ अंशांची असते. या दोन आकड्यांमधले अंतर पाहिले की तो डाख दाबाच्या भांड्यात का चालत नाही ते कळते. पाणी कमी होऊन आगपेटीचा माथा उघडा पडला तर तेवढे अंतरही उरत नाही. आम्ही पुरवतो ती ५५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली तार ६५० अंशांच्या आसपास वाहते. जुन्या साठ्यातील कॅडमियमयुक्त तार कोणी स्वस्तात देत असल्यास घेऊ नये, कारण तिचा धूर विषारी असतो. तांबे उष्णता चटकन पसरवते, त्यामुळे फक्त जोड तापवून भागत नाही, सगळा बॉयलर तापवावा लागतो. त्यासाठी मोठ्या तोंडाचा गॅस टॉर्च, सभोवती अग्निविटा आणि मदतीला दुसरा माणूस हवा. प्रत्येक टप्प्यानंतर बॉयलर सायट्रिक आम्लाच्या, म्हणजे वाण्याकडे मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाच्या, द्रावणात ठेवून स्वच्छ करावा आणि सर्व जोड भिंगाखाली पाहावेत.

गोल नळकांडे दाब सहज सोसते, सपाट पत्रा सोसत नाही. आगपेटीची बाजू १५ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर उंच धरली तर ६ किलो दाबाला त्या एका पत्र्यावर १,०८० किलो, म्हणजे एक टनाहून जास्त, जोर येतो. तो पत्रा फुगू नये म्हणून आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांना जोडणारे स्टे असतात. नकाशातील एकही स्टे गाळू नये आणि त्यांच्यातील अंतर वाढवू नये.

यानंतर पाण्याच्या दाबाची चाचणी. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरावा, आतली हवा पूर्ण बाहेर काढावी आणि हातपंपाने चालू दाबाच्या दुप्पट, म्हणजे आमच्या आराखड्यासाठी १२ किलोपर्यंत, दाब सावकाश चढवून अर्धा तास धरून ठेवावा. काटा घसरू नये, कुठे थेंब दिसू नये, पत्र्याचा आकार बदलू नये. ही चाचणी हवेच्या कॉम्प्रेसरने कधीही करू नये. पाणी दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, म्हणून जोड सुटला तर एक चिळकांडी उडते आणि दाब शून्यावर येतो. हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. तापलेल्या बॉयलरची गोष्ट आणखी वेगळी आहे. १६५ अंशांवरच्या एका किलो पाण्यावरचा दाब अचानक गेला तर त्यातले सुमारे १२ टक्के पाणी तत्क्षणी वाफ होते आणि त्या वाफेला सुमारे २०० लिटर जागा लागते. भारतातील बॉयलर कायद्याच्या व्याख्येतून २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी वगळलेली आहेत आणि १:६ मापाचा बॉयलर त्या मर्यादेच्या पुष्कळच खाली राहतो, परंतु सरकारी तपासनीस येणार नसला म्हणजे तपासणीची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते. आमच्या शेडमध्ये ही चाचणी आम्ही संच घेणाऱ्या ग्राहकांना विनामूल्य करून देतो आणि निकाल लेखी देतो. तो कागद पाहिल्याशिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज पाठवत नाही. यावर काही ग्राहक नाराज होतात, त्यांची आम्ही क्षमा मागतो, पण नियम बदलत नाही.

माप लहान केले म्हणून सगळ्याच गोष्टी लहान होत नाहीत, हे पुढच्या कामात पदोपदी जाणवते. लांबी सहापट कमी झाली की वजन २१६ पट कमी होते, म्हणून दहा टनांचे मूळ यंत्र १:६ मापात सुमारे ४६ किलोंचे होते. दोघांना उचलता येते आणि मागे गाडा जोडून त्यावर बसलेल्या चालकाला ते ओढूनही नेते. हेच यंत्र १:१२ मापात जेमतेम ६ किलोंचे होईल आणि १:४ मापात दीडशे किलोंच्या वर जाईल. घरच्या कार्यशाळेसाठी आम्ही १:६ सुचवतो ते यामुळे. पण पाणी, वाफ आणि आग यांना प्रमाण ठाऊक नसते. पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी प्रमाणात बारीक केली तर केशाकर्षणाने पाणी तीत वर चढून राहते आणि खोटी पातळी दाखवते. म्हणून आमची काचनळी मूळ यंत्राच्या मानाने जाड दिसते आणि ती तशीच ठेवावी. बॉयलरमधल्या धुराच्या नळ्यांचेही तसेच: मूळ यंत्रातील दोन इंची नळी १:६ मध्ये साडेआठ मिलिमीटरची होईल आणि काजळीने लवकर चोंदेल, त्यामुळे संख्येने कमी पण जाड नळ्या घातल्या आहेत. प्रदर्शनात कोणी नळ्या मोजून चूक काढली तर हे कारण सांगावे.

नकाशे मुळात इंग्लंडमधील पद्धतीचे, इंचांत आहेत. त्यांचे मेट्रिक रूपांतर करताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिले ठिकाण गिअर. डीपी म्हणजे गिअरच्या व्यासाच्या दर इंचामागे दाते किती, तर मॉड्यूल म्हणजे दर दातामागे व्यास किती मिलिमीटर. १२ डीपीचे दाते आणि २ मॉड्यूलचे दाते दिसायला जवळचे असले तरी एकमेकांत बसत नाहीत, कारण १२ डीपी म्हणजे २.११७ मॉड्यूल. सगळीच जोडी मॉड्यूलमध्ये कापून घ्यावी असे कोणी म्हणेल, पण मग ७२ दातांच्या बेरजेच्या जोडीतील दोन शाफ्टमधले अंतर ७६.२ मिमीवरून ७२ मिमीवर येते, म्हणजे हॉर्नप्लेटवरची भोके आणि त्यामागोमाग बरेच काही बदलते. आमचे गिअर आम्ही डीपीमध्येच कापून देतो. दुसरे ठिकाण पत्रा: १० गेजचा पत्रा ३.२५ मिमी असतो, बाजारात ३ मिमी सहज मिळतो, आणि ‘पाव मिलिमीटरने काय होते’ असे विक्रेता म्हणतो. बॉयलरच्या बाबतीत पर्यायी पत्रा घ्यायचाच तर जाड घ्यावा, पातळ नाही. बारीक बोल्टसाठी नकाशातील बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या इंग्लिश मापाच्या आट्यांऐवजी मेट्रिक चालतात. ६ बीएच्या जागी ३ मिमी घेता येतो, फक्त नेहमीच्या मेट्रिक बोल्टचे षट्कोनी डोके थोडे मोठे दिसते.

सिलिंडर बसवताना एक गोष्ट पुस्तकी वाटेल, पण ती अनुभवाची आहे. सिलिंडर आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये सुमारे ३०० मिमी तांब्याचा बॉयलर असतो. तो खोलीच्या तापमानापासून १६५ अंशांपर्यंत तापला की तेवढ्या लांबीत सुमारे ०.७ मिमी वाढतो आणि सिलिंडर क्रँकपासून तितका दूर सरकतो. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये वाफ सोडणारा सरकता स्लाइड व्हॉल्व्ह मात्र क्रँकच्या बाजूने धरलेले असल्याने जागेवरच राहतात. थंड असताना अचूक बसवलेला व्हॉल्व्ह त्यामुळे तापल्यावर एका बाजूला लवकर उघडतो आणि इंजिन लंगडल्यासारखे आवाज करते. पिस्टनच्या मागच्या टोकाशी, म्हणजे क्रँककडे, थंड असताना जास्त जागा ठेवावी आणि व्हॉल्व्हची अखेरची जुळणी यंत्र वाफेवर एकदा चालवून, आवाज ऐकून करावी.

यंत्र चालवताना बोअरचे पाणी वापरू नये. क्षार साचून आगपेटीच्या भोवतीची अरुंद जागा बुजते. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम. पाणी भरण्याची दोन स्वतंत्र साधने, एक हातपंप आणि एक इंजिनावर चालणारा पंप, नेहमी चालू स्थितीत असावीत. आग लाकडी कोळशाने पेटवून मग दगडी कोळशाचे सुपारीहून लहान तुकडे घालावेत. राख जास्त देणारा कोळसा एवढ्याशा जाळीवर फार वेळ जळत नाही, त्यामुळे तासाभराने जाळी खरडावी लागली तर तो यंत्राचा दोष समजू नये.

सुट्टीच्या दिवशीच काम करणाऱ्यास हे यंत्र पूर्ण व्हायला तीन ते चार वर्षे लागतात, म्हणून संच चार खेपांत देतो: बॉयलर, सिलिंडर व क्रँकशाफ्ट, गिअर व हॉर्नप्लेट, शेवटी चाके. पैसेही खेपेप्रमाणेच घेतो, आणि मध्येच थांबलेल्या ग्राहकाकडून पुढच्या खेपेचे काही मागत नाही. बिडाच्या ओतकामात कातताना पोकळी निघाली तर तो तुकडा, कितीही कातलेला असला तरी, बदलून देतो. चुकीच्या मापाने कातलेला तुकडा मात्र विकतच घ्यावा लागेल.

मागणी नोंदवताना आपल्या लेथची सेंटरची (बेडपासूनची) उंची आणि तिला गॅप, म्हणजे मोठा तुकडा फिरावा म्हणून बेडमध्ये ठेवलेली खाच, आहे की नाही हे अवश्य कळवावे. या मापाचे फ्लायव्हील २२९ मिमी व्यासाचे असते. साडेतीन इंच सेंटर-उंचीच्या लेथवर ते फक्त गॅपमध्येच फिरते आणि बिनगॅपच्या लहान लेथवर बसतच नाही. अशा ग्राहकांचे फ्लायव्हील आम्ही येथेच कातून, भोक आणि चावीची खाच पूर्ण करून, दुसऱ्या खेपेसोबत पाठवतो.