बकी डेंटच्या होमरनने मॅच जिंकली? नाही हो, तेवढ्यावर नाही

1978 ची न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकन बेसबॉल टीमची गोष्ट अजूनही अशीच सांगतात, की जुलैमध्ये टेबलमध्ये बोस्टनच्या टीमच्या 14 गेम मागे होते, मग 2 ऑक्टोबरला बोस्टनच्या फेनवे पार्कवर, दोघे बरोबरीत आल्यामुळे झालेल्या निर्णायक प्लेऑफमध्ये यांकीजच्या बकी डेंटने होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) मारला आणि संपलं. पण स्कोर बघा ना जरा! 2-0 ने मागे असताना सातव्या इनिंगमध्ये डेंटच्या त्या तीन रनच्या होमरनने 3-2 झालं, मग मन्सनच्या डबलने (दोन बेस मिळवून देणारा फटका) चौथा रन आला, आठव्यात रेजी जॅक्सनने होमरन मारला तो पाचवा, आणि मॅच संपली 5-4 ला. म्हणजे जॅक्सनचा तो रन नसता तर स्कोर बरोबरीत असता. डेंटचा फटका मोठाच होता, त्यात वादच नाही, पण एकट्याने जिंकून दिली हे खरं नाही.

आणि मला खरं वाईट वाटतं ते ब्रायन डॉयलचं. विली रँडॉल्फ जखमी झाला म्हणून सेकंड बेसवर (फिल्डिंगची एक जागा) आलेला यांकीजचा हा पोरगा, सीझनला बॅटिंग अॅव्हरेज .192, म्हणजे हजारात 192 हिट, कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या फायनलमध्ये, लॉस एंजेलिस डॉजर्सनी पहिले दोन गेम घेतले, यांकीजनी पुढचे चारही जिंकले, आणि या सगळ्या सिरीजमध्ये डॉयलने 16 पैकी 7 हिट मारले, .438! शेवटच्या गेममध्ये तर तीन हिट. एमव्हीपी (सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू) मात्र डेंट झाला, .417 वर, त्यानेही भारीच खेळलं होतं, पण डॉयलचं नावसुद्धा कोणी घेत नाही.