आपल्याच जमिनीवर परवाना कशाला?

अमेरिकेतली पाव हिश्श्याहून अधिक जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे आणि तिथं भटकायला जाणारा माणूस ती आपलीच मानतो. फी, परवाने, बंदी यांवरून होणारे बहुतेक वाद या हक्काच्या भावनेतून उठतात, आणि ती भावना मला खरी वाटते.

यलोस्टोन १८७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं ते लोकांच्या लाभासाठी आणि आनंदासाठी. १९१६ च्या कायद्यानं त्यात भर घातली: आनंद घ्या, पण पुढच्या पिढ्यांसाठी सगळं अबाधित ठेवा. दोन्ही एकदम कसं साधायचं, ते मात्र मोघमच राहिलं. महायुद्धानंतर मोटारींची रीघ लागली, तेव्हा १९५६ च्या ‘मिशन ६६’ योजनेत रस्ते आणि वाहनतळ वाढवले गेले. उलट १९६४ च्या कायद्यानं काही रानं रस्त्यांपासून आणि मोटारींपासून कायमची राखली.

खरा भडका उडाला तो पैशांवरून. १९९६ मध्ये संसदेनं प्रायोगिक फीला मुभा दिली. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जंगलांत दिवसाला ५ डॉलरचा पास गाडीत दिसेल असा लावावा लागे. कर भरूनही झाडाखाली गाडी उभी करायला पैसे का, हा लोकांचा सवाल रास्तच होता. २००४ च्या कायद्यानं तो बराचसा मान्य केला: कुठलीही सोय न वापरता नुसतं चालत जाणाऱ्याकडून वनखात्यानं फी घ्यायची नाही.

माणसांच्या संख्येवरच्या मर्यादेचं मात्र वेगळं झालं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हाफ डोम नावाचा प्रचंड खडक आहे; त्याच्या माथ्याशी शेवटची चढण गुळगुळीत खडकावरून, दोन पोलादी दोरांना धरून चढायची. चढणारे आणि उतरणारे त्याच दोन दोरांमध्ये. गर्दीच्या दिवशी तिथं माणसं जागच्या जागी खोळंबत. वर ढग दाटून आले तरी पटकन उतरता येत नसे. २०१० मध्ये शनिवार-रविवारसारख्या गर्दीच्या दिवसांसाठी आणि पुढच्या वर्षी रोजच परवाना लागू झाला; आता तो दिवसाला सुमारे ३०० जणांना मिळतो. त्या दोरावर अडकून पडलेल्याला मर्यादा का हवी, हे समजावून सांगावं लागत नाही.

तक्रार उरली ती वाटपाची. सुरुवातीला ‘आधी येईल त्याला’ या पद्धतीत परवाने पाहता पाहता संपत आणि चढ्या भावानं विकले जात. म्हणून २०१२ पासून सोडत आली. मुख्य सोडतीसाठी मार्चमध्येच अर्ज करावा लागतो; ऐनवेळी ठरवणाऱ्याला दोन दिवस आधीच्या छोट्या सोडतीवर भिस्त ठेवावी लागते.