दिवेलागणीची रोजरी: घरात जपलेल्या श्रद्धेची पार्श्वभूमी

वसईच्या वाडीत संध्याकाळची घंटा झाली की आजी डोक्यावर पदर घेते, वेदीसमोर मेणबत्ती लावते आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारते, "चला रे, रोजरीला." रोजरी म्हणजे माळेचे मणी मोजत म्हणायची मरियेची प्रार्थना. टीव्ही बंद होतो. कुणी चटईवर गुडघे टेकतं, कुणी गुडघे दुखतात म्हणून खुर्ची ओढतं. आजीच्या माळेचे लाकडी मणी बोटांनी झिजून गुळगुळीत झालेत. पाच रहस्ये, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या पाच प्रसंगांचं चिंतन, मग लितानी, म्हणजे एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी साथ द्यायची विनवणी, मग आजाऱ्यांसाठी आणि गेलेल्यांसाठी प्रार्थना. फादर घर आशीर्वादायला वर्षातून एखाद्या वेळी येतात. बाकीचे दिवस घरातला धर्म सांभाळते ती आजी. ही जबाबदारी तिच्याकडे कशी आली, हे शोधायला बरंच मागे जावं लागतं.

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती लोक जमत ते बहुतेक घरांतच. संत पौल रोमच्या मंडळींना पत्र लिहितो, तेव्हा प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही सलाम सांगतो. सीरियातल्या ड्युरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं असं एक घर उत्खननात सापडलं आहे. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक प्रार्थनेची जागा केलेली, आणि शेजारच्या खोलीत स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) हौद. इ.स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात धर्म पाळायची मोकळीक मिळाली आणि पुढे भव्य चर्चेस उभी राहिली.

रोजरीसुद्धा साध्या माणसांच्या गरजेतून वाढली. मठांत बायबलमधली १५० स्तोत्रं म्हणत. ज्याला अक्षरओळख नाही त्या शेतकऱ्याने काय म्हणायचं? त्याने मणी मोजत तितक्याच वेळा 'नमो मरिया' म्हणायचं. पोप पायस पाचवे यांनी १५६९ मध्ये या प्रार्थनेचं रूप पक्कं केलं. पंधरा रहस्यांचा तो क्रम थेट २००२ पर्यंत टिकला. त्या वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्ये जोडली. पुस्तक नको, दिवा नको, माळ नसेल तर बोटंही चालतात. अशी प्रार्थना चुलीपाशी रुजली यात नवल नाही.

आपल्याकडे ही माळ पोर्तुगीजांबरोबर आली. १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती गेली. पुढच्या काळात धर्मांतरं झाली, काही मनापासून, काही दबावाखाली. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगायला हवं. नवख्रिस्ती झालेल्या घरांपुढे मात्र एक रोजची अडचण होती: पूर्वी पोथी ऐकायची सवय, आता काय ऐकायचं? गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीटाने (येशूसंघाच्या धर्मगुरूने) ही भूक ओळखली. १५७९ मध्ये ते इथे आले, भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापून आलं. ओवीत, मराठीत. ते चर्चमध्ये गायलं जाई आणि घराघरांतही. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही. पुराण वाचलं ते हस्तलिखितांमुळे. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी ओवी-ओवी उतरवून घेत राहिलं, आणि १९०७ मध्ये मंगळूरला अशाच नकलांवरून ते पुन्हा छापलं गेलं. छापखान्यातून जे हरवलं ते घरातल्या पेटाऱ्यांत सापडलं, हे मला फार मोठं वाटतं.

कारण मधल्या काळात राज्यकर्त्यांचं धोरण उलटलं होतं. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. १७३६ मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाचं (इन्क्विझिशनचं) फर्मान तर थेट स्वयंपाकघरात आणि लग्नघरात शिरलं. लग्नात ओव्या गायच्या नाहीत, नवरा-नवरीला नारळाच्या रसाने न्हाऊ घालायचं नाही, मिठाशिवाय भात शिजवायचा नाही, दारी तुळस लावायची नाही. यादी लांबलचक होती. ती वाचताना फर्मान काढणाऱ्यांपेक्षा त्या बायकाच डोळ्यांपुढे येतात. त्या येशूला मानत होत्या, मुलांना क्रूसाची खूण शिकवत होत्या, आणि लेकीच्या लग्नात आईकडून शिकलेली ओवीही गाणार होत्या. त्यांना यात विरोध दिसत नव्हता. गोव्यात लग्नाआधी रोस, म्हणजे नारळाचा रस, लावण्याचा विधी आजही होतो. म्हणजे फर्मानापेक्षा त्या बायका टिकल्या.

मग मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज अधिकारी गेले, परदेशी पाद्री गेले, किल्ल्यातले मठ ओस पडले. गावातला ख्रिस्ती कुणबी कुठे जाणार? त्याची भातशेती, विहीर, केळीची बाग इथेच. पाद्री थोडे आणि गावं पुष्कळ, अशी स्थिती झाली. अशा वेळी पोराला प्रार्थना शिकवायची ती आईबापांनी, मरणाऱ्याच्या उशाशी म्हणायची ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. ही श्रद्धा वरून लादलेलीच राहिली असती, तर राज्य गेल्यावर ती पुसली गेली असती.

याच वसईत सोळाव्या शतकात जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी इथे क्रूसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. जपानमध्ये १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, पाद्री हाकलले किंवा मारले गेले. नागासाकीच्या परिसरातल्या कोळ्या-शेतकऱ्यांनी तरीही सात पिढ्या प्रार्थना पाठ ठेवल्या. स्नानसंस्कार गावातलाच माणूस देई. पवित्र मरियेची मूर्ती बुद्धपरंपरेतल्या कान्नोन देवीच्या रूपात घरात ठेवत. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले आणि फ्रेंच फादर पेतिजाँ यांना हळूच म्हणाले, आमचं मन तुमच्यासारखंच आहे, पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे? दोनशेहून अधिक वर्षं त्यांच्याकडे पाद्री नव्हता. घर होतं.

आपल्याकडे संकट आलं ते साथीच्या रूपात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि गावठाणांत जागोजागी क्रूस उभे राहिले. वांद्र्याच्या गल्ल्यांत त्यातले कितीतरी आजही आहेत. मे महिन्यात तिथे फुलांच्या माळा चढतात, शेजारपाजारचे जमून प्रार्थना करतात, नंतर उकडलेले चणे वाटतात. घरातली रोजरी उंबरठा ओलांडून चार पावलं बाहेर आली, इतकंच.

चर्चच्या अधिकृत भाषेत हे सगळं बसायला १९६४ उजाडावं लागलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे रोममध्ये जमलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेने, २१ नोव्हेंबरला चर्चविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. त्यात कुटुंबाला 'घरातील चर्च' म्हटलं आहे, आणि आईवडिलांनी शब्दाने व आचरणाने मुलांचे पहिले धर्मशिक्षक व्हावं असं सांगितलं आहे. त्यानंतर अकराच दिवसांनी पोप पॉल सहावे मुंबईत उतरले. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधून मराठीत आली तीही याच परिषदेमुळे. १९९८ मध्ये वसईला स्वतःचा धर्मप्रांत, म्हणजे स्वतःच्या बिशपाखालचा विभाग, मिळाला.

आज संध्याकाळी सातला घरी कोण असतं? एक विरार लोकलमध्ये लटकलेला, एक क्लासला, एक आखातात नोकरीला. रोजरी साडेनऊवर सरकली आहे. काही घरांत पाचाऐवजी एकच रहस्य होतं, आणि त्याबद्दल मला कुणाला बोल लावावासा वाटत नाही. शेवटचा भाग मात्र कुणी गाळत नाही: गेलेल्यांची नावं. प्रत्येक नावाला एक प्रभूची प्रार्थना. आमच्या यादीत एक नाव असं आहे की ती बाई कोण होती हे आता आजीलाही सांगता येत नाही. तिच्या सासूच्या यादीत ते नाव होतं, म्हणून तिच्याही यादीत आलं. आजी ते नाव घेते, क्षणभर थांबते, आणि आम्ही सगळे तिच्यासाठी म्हणतो.