अवघड इंग्लिश शब्द आधी इंग्रजांनाच अवघड होते, त्यामागची गोष्ट

जीआरईची, म्हणजे अमेरिकेत पुढच्या शिक्षणासाठी द्यायच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी केलेल्या कुणालाही विचारा, शब्दांची लिस्ट म्हटलं की चेहरा बदलतो. हजारो शब्द, प्रत्येकापुढे दोन-तीन शब्दांत अर्थ, आणि रोज पन्नास पाठ करायचे. मी पण तेच केलं, लोक्वेशियस म्हणजे बडबड्या, ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, लुसिड म्हणजे सुस्पष्ट, असं घोकत बसायचो आणि पंधरा दिवसांनी निम्मे शब्द डोक्यातून गेलेले असायचे. तेव्हा वाटायचं की आपण मराठी मीडियमचे म्हणून आपल्याला जड जातंय. पण हे शब्द मुळात इंग्लिशमध्ये आले कसे ते वाचायला लागलो तेव्हा कळलं की चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी खुद्द इंग्लंडमधले लोक ह्याच शब्दांपुढे अडत होते, आणि ही गोष्ट शब्द शिकणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीलाच सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात 1066 पासून. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार, कोर्ट, जमीनदार सगळे फ्रेंचमध्ये, शेतकरी मात्र आपल्या जुन्या इंग्लिशमध्ये. म्हणून गोठ्यातली मेंढी शीप राहिली आणि ताटात आल्यावर मटन झाली, तेच आपलं मटण. त्यावर पुन्हा लॅटिनचा थर चढला, चर्चमधून आणि विद्वानांकडून. त्यामुळे एकाच अर्थाला तीन-तीन शब्द. किंगली घरचा, रॉयल फ्रेंचमधून आलेला, रीगल थेट लॅटिनमधला. आस्क, क्वेश्चन, इंटरोगेट तसंच. हे आपल्याला परकं वाटायचं कारणच नाही, कारण मराठीत पण हेच आहे ना, डोळा दुखतो, नजर लागते आणि शिबिर मात्र नेत्रतपासणीचं असतं. डोळा घरचा, नजर अरबी-फारसीतून आलेली, नेत्र संस्कृत. तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी टाकून बघा, लगेच खटकतं. लिस्टमध्ये नुसतं 'इंटरोगेट = विचारणे' असं लिहिलेलं असतं तिथे नेमका हाच फरक हरवतो, पोलीस इंटरोगेट करतात, आई आस्क करते.

आता सोळावं शतक. ग्रीक-लॅटिनचा अभ्यास जोरात, छपाई आलेली, आणि लेखक लॅटिन शब्द उचलून इंग्लिशमध्ये ओतायला लागले. त्यावर मोठा वाद झाला. असल्या शब्दांना इंकहॉर्न टर्म्स म्हणायचे, इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत, म्हणजे बोलण्यातून नाही तर दौतीतून निघालेले शब्द. टॉमस विल्सनने 1553 मध्ये अशा जड शब्दांनी भरलेलं एक पत्र नमुना म्हणून छापलं, लोकांनी असं लिहू नये म्हणून. त्या पत्रात सेलिब्रेट आहे, डेक्स्टेरिटी आहे! आज सेलिब्रेट आपल्याकडे शाळेतली पोरंही म्हणतात, आणि त्याच पत्रातला स्प्लेंडिडियस कुठच्या कुठे विरून गेला. कुठला शब्द टिकणार हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं.

जॉन चीक नावाचा केंब्रिजचा ग्रीकचा प्रोफेसर तर म्हणत होता की आपली भाषा स्वच्छ ठेवा, उसनवारी नको. त्याने बायबलचा काही भाग भाषांतरित करताना सेंच्युरियनला, म्हणजे शंभर सैनिकांच्या नायकाला, हंड्रेडर केलं आणि ल्युनॅटिकला, म्हणजे वेड्याला, मून्ड. आपल्याला हा प्रकार चांगला ओळखीचा आहे, शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पुढे सावरकरांनी महापौर आणि दिनांक दिले. फरक एवढाच की आपले हे शब्द रुजले, चीकचे रुजले नाहीत, इंग्लिशने दार उघडंच ठेवलं.

ह्या सगळ्यातून 1604 मध्ये जे बाहेर पडलं ते मला सगळ्यात आवडतं. रॉबर्ट कॉड्री नावाच्या एका शाळामास्तराने छोटंसं पुस्तक काढलं, साधारण अडीच हजार शब्दांचं. इंग्लिश शब्दाला इंग्लिशमध्येच अर्थ देणारी पहिली डिक्शनरी म्हणून ते ओळखलं जातं. पण त्यात घर, झाड, कुत्रा असले शब्द नाहीतच, फक्त अवघड शब्द, म्हणजे पहिली इंग्लिश डिक्शनरी हीच मुळी हार्ड वर्ड्सची लिस्ट होती. पुस्तक कुणासाठी तर लॅटिन न शिकलेल्यांसाठी, विशेषतः बायकांसाठी, कारण चर्चमधल्या प्रवचनात हे शब्द कानावर पडायचे आणि अर्थ कळायचा नाही. आणि कॉड्रीला वाचकांना हेही सांगावं लागलं की आधी एबीसीडीचा क्रम नीट पाठ करा, नाहीतर शब्द सापडणार नाही! पुढे 1623 मध्ये हेन्री कॉकेरमने आपल्या डिक्शनरीत उलटा भागही घातला, साधा शब्द शोधा आणि त्याच्या जागी भारी शब्द मिळवा. इंप्रेशन मारायला जड शब्द वापरायची हौस तेव्हापासूनची आहे.

आपल्याकडे 1831 मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश कोश आला, 1847 मध्ये मोल्सवर्थ आणि कँडीचा इंग्लिश-मराठी, मग 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर कित्येक पिढ्या इंग्लिश शिकल्या. शब्द सुटा नाही, वाक्यात बसवून, मराठीतून इंग्लिशमध्ये नेऊन शिकायचा.

मग सुट्या शब्दांची घोकंपट्टी आली कुठून? बरीचशी अमेरिकन परीक्षांमधून. 1926 मध्ये एसएटी, म्हणजे तिथल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा, सुरू झाली तेव्हाच विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या, म्हणजे दोन शब्दांमधलं नातं ओळखायचे प्रश्न, तिच्यात होते. एक शब्द, खाली पर्याय, बाकी संदर्भ काही नाही. असा प्रश्न असेल तर मुलं लिस्ट पाठ करणारच. एसएटीने विरुद्धार्थी शब्द 1994 मध्ये काढले, जोड्या 2005 मध्ये, आणि जीआरईने ऑगस्ट 2011 पासून हे दोन्ही प्रकार बंद करून शब्द वाक्यातच विचारायला सुरुवात केली. तरी पुण्या-मुंबईतल्या होस्टेलांमधून जुन्या लिस्टांच्या झेरॉक्स फिरत राहिल्याच.

ह्यात मराठी माणसाच्या हातात एक किल्ली आहे जी लिस्टमध्ये कुणी देत नाही. 1786 मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. मग बघा, इग्नाइटमध्ये अग्नी, डेंटलमध्ये दंत, सर्पेंटाइनमध्ये सर्प, मॉर्टलमध्ये मृत, नोव्हिसमध्ये नव, जुव्हेनाइलमध्ये युवा, डोनेटमध्ये दान. पेडेस्ट्रियनमध्ये पद आहे म्हणून तो पायी चालणारा. फक्त जपून, पेडियाट्रिशियनमधला पेड ग्रीक आहे, त्याचा अर्थ मूल, पायाशी त्याचा संबंध नाही. मी आता वहीत प्रत्येक नव्या शब्दापुढे आधी त्याचं घराणं लिहितो, मग सापडला तर त्याचा मराठीतला भाऊबंद, आणि अर्थ सगळ्यात शेवटी, तोपर्यंत तो बऱ्याचदा आपोआप कळलेला असतो.